हमीपत्र आणि महादेवाचा लाडू

नोकरीच्या बावीस वर्षांत मी शेकडो माणसांचे अहवाल लिहिले. स्वतःच्या विरोधात लिहिला तो एकच. पन्नाशी ओलांडलेली, रक्तदाबाची गोळी घेणारी, कॉलनीत कडक म्हणून ओळखली जाणारी एक सरकारी बाई मंगळवारी दुपारी कामावर असताना भांग खाऊन बसली, असं त्यात स्वच्छ मराठीत लिहिलेलं आहे. ती बाई मीच.

मी परिवीक्षा अधिकारी आहे. हे सांगितलं की समोरचा मान डोलावतो, आणि त्याला काहीही कळलेलं नाही हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. काम तसं साधं आहे. किरकोळ गुन्ह्यात कोर्टानं एखाद्याला तुरुंगात न धाडता हमीपत्रावर सोडलं, की तो ठरलेल्या मुदतीत नीट वागतो का हे मी बघायचं. त्याच्या घरी जायचं, दुकानात जायचं, शेजारणीशी चार गोष्टी करायच्या आणि शेवटी कोर्टाला कळवायचं. माझा नवरा म्हणतो, लोकांच्या घरात डोकावायची तुझी हौस सरकारनं पगार देऊन भागवली. त्याचं बोलणं मी मनावर घेत नाही, कारण ते खरं आहे.

त्या वर्षी माझ्याकडे एक लेडीज टेलर आला. चाळिशीला टेकलेला, बारीक अंगाचा, आणि बोलायला इतका हळू की दरवेळी मला खुर्ची पुढे ओढावी लागे. बेसा रोडला ज्या नव्या इमारती उभ्या राहिल्यात, त्यातल्या एकीच्या खाली त्याचं एका शटरचं दुकान होतं. पुढे मशीन, मग पडदा, आणि पडद्यामागे बायको पिको-फॉल करायची. माणूस हाताचा पक्का होता. लग्नसराईत चौदा-चौदा तास मशीनवर बसून त्याची पाठ धरायची. कोणीतरी सांगितलं, दोन झुरके मार, पाठ मोकळी होईल. पाठ मोकळी झाली आणि झुरके मागे लागले. सहा वर्षं तो रोज गांजा ओढत होता. एका संध्याकाळी पोलिसांनी रस्त्यात थांबवून खिसे तपासले, तेव्हा आधी मोजपट्टी निघाली, मग खडू, मग पुडी.

पुडी छोटी होती, स्वतःपुरती. विकणाऱ्यांतला तो नव्हता. अशा माणसांसाठी कायद्यात एक वाट ठेवलेली आहे. जवळ थोडासाच माल सापडला, माणूस व्यसनी आहे आणि उपचाराला राजी आहे, तर न्यायाधीश त्याला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतात. आमच्या न्यायाधीशांनी तेच केलं. एक वर्ष दर बुधवारी व्यसनमुक्ती केंद्रात हजेरी, केंद्र म्हणेल तेव्हा लघवीची तपासणी, माझी देखरेख आणि एक जामीनदार. वर्षअखेर अहवाल चांगला गेला की प्रकरण मिटलं. मध्येच पुन्हा ओढल्याचं दिसलं तर हमीपत्र रद्द आणि सहा महिने आत. सहा महिने शटर खाली राहिलं की बेसा रोडच्या बायका दुसरा टेलर धरणार, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

जामीनदार म्हणून सही करायला त्याचे दोन सख्खे भाऊ होते. दोघांनाही त्याच दिवशी नेमकं बाहेरगावी काम निघालं. सही केली ती सासूनं.

ही सासू काटोलची. साठीची, उंच, नऊवारी घट्ट खोचलेली, आणि आवाज असा की बसस्टँडवर कंडक्टर आपणहून बाजूला व्हावा. संत्र्याच्या मोसमात ती बाजारात स्वतः उभी राहून व्यापाऱ्यांशी भाव करायची. जावयावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, आणि हे तिनं मला पहिल्याच भेटीत त्याच्यासमोरच सांगितलं.

"मग सही काहून केली, मावशी?" मी विचारलं.

"पोरगी माही हाय ना, म्याडम. आन् हे आत गेले त मले दिसन कसे? बाहेर राहिले त डोळ्यासमोर त राहीन."

म्हणजे बाईंनी जामीन दिला तो नजर ठेवता यावी म्हणून. मला ती तिथेच आवडली. मी स्वतः संशयी स्वभावाची आहे, आणि आपल्याहून संशयी माणूस भेटला की बरं वाटतं.

दर मंगळवारी ती काटोलच्या बसनं यायची. जावयाला मानानं 'जवाईबुवा' म्हणायची आणि मानानंच त्याची झडती घ्यायची. "उठा जवाईबुवा, जरा हात वर करा बरं." ज्या माणसानं अर्धं आयुष्य बायकांची मापं घेण्यात घालवलं, तो हात वर करून उभा राहायचा आणि सासू त्याचे खिसे उलटे करायची. मापाला आलेल्या बायका ओढणीआड हसायच्या. तोही हळूच हसायचा, पण हात खाली घ्यायचा नाही. मीही मग माझी भेट मंगळवारीच ठेवायला लागले, कारण माझं अर्धं काम मावशींनी करून ठेवलेलं असायचं.

आमच्या कामात माझा एक नियम आहे, किंवा होता. ज्याच्यावर देखरेख आहे त्याच्या घरचं पाणी सोडून काही घ्यायचं नाही. चहा नाही, सुपारी नाही, संत्र्याची फोडसुद्धा नाही. नव्या अधिकाऱ्यांना मी हे बोट उगारून सांगायची. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीचा हाच काय तो अभिमान होता, आणि तो मी चारचौघांत मिरवायचीही.

दहा महिने टेलर सरळ चालला. केंद्रात तपासणीला एक कागदी पट्टी असते. ती लघवीत बुडवली आणि दोन रेघा उठल्या तर माणूस स्वच्छ, एकच उठली तर पोटात काहीतरी गेलेलं आहे. केंद्राचा समुपदेशक मिश्किल होता. दर वेळी पट्टी हातात धरून म्हणायचा, दोन रेघा, गोड बातमी आहे. टेलर लाजायचा. त्याचं वजन वाढलं, गालांवर जरा मांस आलं. पाठीचे व्यायाम केंद्रानं शिकवले होते, ते तो दुकानात पडद्यामागे करायचा, आणि बायको सांगायची की आता हे माझी जागा खाऊन राहिले. आणखी दोन महिने निघाले की सुटला, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

तेवढ्यात महाशिवरात्र आली. मावशी दरवर्षी महादेवाच्या यात्रेला मध्य प्रदेशात जायच्या. तिथून आल्यावर पहिल्या मंगळवारी त्या दुकानात हजर झाल्या त्या स्टीलचा डबा घेऊनच. मी स्टुलावर बसून माझी वही भरत होते. बायको शिवलेले ब्लाउज पोचवायला समोरच्या इमारतीत गेली होती.

"जवाईबुवा, मशीन थांबवा," मावशी म्हणाल्या. "आज झडती नाही. आज शपथ."

त्यांनी डबा उघडला. आत गुळाचे लाडू होते, लिंबाएवढे, वरून खोबरं लावलेले. वेलचीचा असा वास सुटला की माझी मान आपोआप वर झाली. मावशींनी एक लाडू जावयाच्या तळहातावर ठेवला, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "मना, महादेवाची आन, पुन्हा त्या घाणीले शिवणार नाही."

तो म्हणाला. नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं म्हणाला. डोळे मिटून लाडू तोंडात टाकला आणि हात जोडले. मला खरंच भरून आलं. मी वहीत लिहून घेतलं, 'कुटुंबाचा उत्तम पाठिंबा', आणि तेवढ्यात माझ्यासमोर एक लाडू आला.

"घ्या म्याडम, परसाद हाय."

आता इथे माझी बावीस वर्षं पणाला लागली आणि मला पत्ताही लागला नाही. चहा असता तर मी तोंड वाकडं केलं असतं. पण प्रसाद म्हटल्यावर माझा डावा हात उजव्याखाली गेला, पदर सावरला गेला, लाडू कपाळाला लागून तोंडात गेलाही. मी मोठी देवभोळी नाही. पण प्रसादाला नाही म्हणायला मला कोणी कधी शिकवलंच नव्हतं. एक मावशींनी खाल्ला. लाडू छान झाला होता, तसं मी त्यांना सांगितलंही.

ऑफिसला परतले तेव्हा तीन वाजले होते. चारच्या सुमारास मी एक जुना अहवाल चाळत होते आणि त्यात लिहिलं होतं, 'वर्तणूक समाधानकारक'. हे शब्द मी आजवर हजारदा लिहिले असतील. त्या दिवशी मला ते इतके विनोदी वाटले की मी हसत सुटले. समाधानकारक. कोणाचं समाधान, कसलं समाधान. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शिपायानं पाणी आणून दिलं, तर तो ग्लास किती गोल आहे हे पाहून मला पुन्हा हसू फुटलं. ऊन लागलं असावं असं म्हणत मी रिक्षानं घरी आले. घरी मला भूक लागली. मी सात पोळ्या खाल्ल्या, वर वाटीभर ठेचा, आणि मग नवऱ्याला सांगितलं की तुझ्या मिशा मला नेहमीच खूप आवडतात. लग्नाला सव्वीस वर्षं झालीत आणि असं काही मी पहिल्यांदाच बोलले असेन. त्यानं घाबरून रक्तदाबाचं यंत्र काढलं. आकडा ठीक निघाला. सकाळी माझं डोकं जरा जड होतं, बाकी काही नाही.

बुधवारी दुपारी केंद्रातून फोन आला. पट्टीवर एकच रेघ उठली होती.

मी तशीच निघाले. टेलर बाकावर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून. समुपदेशकाच्या चेहऱ्यावरचा मिश्किलपणा पार गेला होता. टेबलावर पट्टी होती.

"ओढलीत?" मी विचारलं.

"नाही म्याडम."

"मग दुसरी रेघ कुठं गेली?"

त्यानं पट्टीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मग नेहमीच्या त्या हळू आवाजात म्हणाला, "मले त नाही आठवत."

मला असा संताप आला की काय सांगू. खोटं बोलणारी माणसं मी रोज बघते, त्यांचा मला राग येत नाही. खोटं नीट बोलत नाहीत त्यांचा येतो. ओढली नसेल तर ठासून सांग की ओढली नाही. आठवत नाही म्हणजे काय? मी त्याला नको नको ते बोलले. काल देवाची शपथ घेतलीत, ती एक दिवस टिकली नाही. सासूनं तुमच्यासाठी सही दिली, तिचा तरी विचार करायचा. तो मान खाली घालून ऐकत राहिला, आणि मी ती मान म्हणजे कबुली धरली. संध्याकाळी मी अहवालाचा मसुदा करायला घेतला. शुक्रवारी तो कोर्टापुढे ठेवायचा होता. हमीच्या अटींचा भंग, अशी सुरुवात करून ठेवली.

गुरुवारी सकाळी अकराला मावशी ऑफिसात आल्या. टेबलावर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"माही सही काढा, म्याडम. मले नाही राहायचं जामीन."

"मावशी, शांत व्हा."

"काहून शांत होऊ? माह्या महादेवाले फसवलं यानं. परसाद हातात घेऊन खोटी शपथ. आन् साधासुधा परसाद नव्हता तो. गूळ-खोबऱ्याचे लाडू त कोणीही करते. बुटीचा लाडू होता तो, खास. यात्रेहून बुटी आणली, रातभर भिजू घातली, पाट्यावर वाटली, तुपात परतली. एवढा सोपस्कार करून दिलेली आन हाय ती."

"कसली बुटी?" मी विचारलं.

"बुटी म्हणजे बुटी. भांग. महादेवाले दुसरं काय चालते?"

मी पेन खाली ठेवलं. सात पोळ्या, वाटीभर ठेचा, गोल ग्लास आणि नवऱ्याच्या मिशा माझ्या डोळ्यांसमोरून ओळीनं गेल्या.

"मावशी," मी म्हणाले, "गांजा आणि भांग एकाच झाडाची."

"असंन," मावशी म्हणाल्या. "पण गांजा नशा हाय. भांग देवाची हाय." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात यायला लागलं. त्या खुर्चीवर बसल्या. मोठा आवाज एकदम कुठे गेला कळेना. "मंग मीच का वं बाई?"

म्हणजे गांजा सोडायची शपथ बाईंनी जावयाला भांग चारून दिली होती, आणि साक्षीला सरकारी अधिकारी बसवून तिलाही चारली होती.

मला हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही. कोर्टाला हे सांगायचं कसं? मावशी बोलल्या तर सरकारी वकील म्हणणार, जावयाला वाचवायला सासूनं गोष्ट रचली. उरलेले लाडू काटोलला वाटून संपले होते. उरला एकच पुरावा, आणि तो माझ्या पोटात होता. मी गप्प बसले असते तर मला कोणी काही विचारणारं नव्हतं. जामीनदाराचं म्हणणं असं असं आहे, एवढी एक ओळ अहवालात टाकून मी मोकळी झाले असते. हा विचार मी केला, पूर्ण अर्धा तास केला, आणि तो विचार मी केला याची मला आजही लाज वाटते. त्या अर्ध्या तासात मावशी समोर बसून पदरानं डोळे पुसत होत्या.

मग मी उठले. "चला मावशी, केंद्रात जायचं आहे."

समुपदेशकाला आधी वाटलं मी चेष्टा करतेय. त्याला समजावून सांगेपर्यंत माझे कान तापले. एवढ्या वर्षांत मी कितीतरी माणसांना तो प्लास्टिकचा कप घेऊन त्या दारामागे पाठवलं आहे आणि बाहेर घड्याळ बघत उभी राहिले आहे. कप घेऊन आत उभं राहिल्यावर काही म्हणजे काही होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तीन ग्लास पाणी प्यायले तेव्हा जमलं. मावशींना दाराबाहेरून मीच धीर दिला. दोघींच्या पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवर एक रेघ, दुसरीवर एक रेघ. समुपदेशक खाली मान घालून फॉर्म भरत होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"आता कोर्टात सांगेपर्यंत कोणाशी एक शब्द बोलायचा नाही," मी मावशींना बजावलं. "मुलीशी नाही, जावयाशी नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं असं उद्या कोणी म्हणता कामा नये." एका दिवसाची गप्प बसण्याची ती शिक्षा त्यांना तुरुंगाहून जड गेली असणार. पण त्यांनी ती पाळली.

शुक्रवारी कोर्टात टेलर कोपऱ्यात उभा होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, हातात एक कापडी पिशवी. पिशवीत दोन जोड कपडे होते. घरून तो आत जायच्या तयारीनंच आला होता. बायको आली नव्हती. बुधवारपासून ती त्याच्याशी बोलत नव्हती, हे मला नंतर कळलं.

न्यायाधीशांनी माझा अहवाल एकदा वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. अहवालाला तीन पट्ट्या पारदर्शक पाकिटात टाचलेल्या होत्या.

"म्हणजे ज्याच्यावर देखरेख आहे तो, त्याचा जामीनदार आणि देखरेख करणारा अधिकारी, असे तिघंही?" त्यांनी विचारलं.

"हो सर," मी म्हणाले.

सरकारी वकील उठले. "बाई, तुम्हाला प्रसाद नाकारता आला नसता?"

"तुम्हाला आला असता का, साहेब?" मी विचारलं. त्यांनी न्यायाधीशांकडे पाहिलं आणि खाली बसले.

मग मावशींना विचारलं गेलं. लाडवात भांग आहे हे तुम्ही सांगितलं का नाही, आजी? मावशींनी पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला होता. "कोणी इचारलंच नाही, साहेब. लाडवात गूळ हाय हे तरी कोण सांगते? चूक माही हाय. आत टाकायचं असंन त मले टाका. यायले शिलाईचं काम हाय."

न्यायाधीश हसले नाहीत. पण बोलायच्या आधी ते पाणी प्यायले, आणि जरा जास्तच वेळ पीत होते. मग म्हणाले, "गांजाच्या कायद्यात भांगेचं पान बसत नाही. पट्टीला मात्र कायदा वाचता येत नाही. भांगेसाठी आपल्याकडे वेगळे नियम आहेत, त्यात मी आज शिरत नाही." हमीपत्र कायम राहिलं. उरलेले दोन महिने दर आठवड्याला तपासणी. मला लेखी समज. आणि जामीनदारांनी यापुढे प्रसाद द्यायचाच असेल तर खडीसाखरेचा द्यावा, असं त्यांनी तोंडी सांगितलं. मावशींनी हात जोडून विचारलं, "नारळ चालन का साहेब?" नारळ चालेल, असं ठरलं.

बाहेर व्हरांड्यात आलो. मावशी गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या, घटाघटा पाणी प्यायल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. टेलर पिशवी छातीशी धरून तसाच उभा होता. माफी मागायची मला सवय नाही, म्हणून मी ती जरा खेकसूनच मागितली. "तुम्ही मला सांगितलं होतं, ओढली नाही म्हणून. मी ऐकलं नाही. चुकलं माझं."

"म्याडम," तो म्हणाला, "मी बी नव्हतं ऐकलं."

मला कळलं नाही. मी जरा पुढे झाले.

"मंगळवारी चार वाजता मशीनवर होतो. आन् एकदम तसंच वाटाले लागलं, जुन्यासारखं. मले भेवच वाटला. मनलं, ओढली अशीन. कवा ओढली, कुठं ओढली, आठवून राहिलो, आठवेचना. मंग पट्टी पाहिली. पट्टी कायले खोटं बोलन? दोन दिवस दुकान धुंडून राहिलो म्याडम. दोऱ्याचे सारे डबे उलटे केले, अस्तराच्या घड्या उलगडल्या. मले वाटे, मीच लपवून ठेवली अशीन कुठंतरी, माह्यापासूनच."

मग त्यानं पिशवी खाली ठेवून फोन काढला. बायकोनं बहुतेक लगेच उचलला. मला वाटलं, आता सांगेल की सुटलो, घरी येतोय, दुकान उघड. ते त्यानं नंतर सांगितलं असेल. आधी तो भिंतीकडे तोंड करून, मला स्पष्ट ऐकू येईल इतक्या मोठ्या आवाजात म्हणाला, "अवं, मी खरंच नव्हती ओढली."